परसबागेत मांजरांची घाण : विष नको, वाफा झाका

मागच्या रब्बीत फुलंब्री तालुक्यातल्या एका गावी महिला बचतगटाच्या बैठकीला गेलो होतो. विषय हरभऱ्यावरील घाटेअळीचा. कामगंध सापळे कसे लावायचे, निंबोळी अर्क कधी फवारायचा, सगळे सांगून झाले. शेवटी नेहमीप्रमाणे विचारले, "काही अडचण?" मागून एक मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "साहेब, घाटेअळीचं राहू द्या. माझ्या मेथीच्या वाफ्यात रोज रातीला मांजर घाण करून जातंय. त्याला कोणतं औषध मारायचं?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो, खोटे कशाला सांगू. पदविकेच्या अभ्यासात मावा शिकलो, तुडतुडे शिकलो, हुमणी शिकलो. मांजर कुठल्याच पुस्तकात नव्हते. पण मावशी हसत नव्हत्या. त्यांची लेक सातव्या महिन्यात माहेरी आलेली होती. सकाळी तीच वाफ्यात बसून भाजी खुडायची आणि घाण दिसली की हातानेच माती सारून टाकायची. शेजारच्या एकाने उपायही सुचवला होता : "बोंबलाला उंदराचं औषध लावून ठेवा, दोन दिवसांत मोकळं." पुडी आणून चुलीमागच्या कोनाड्यात ठेवलेली होती.

बैठक आटोपून त्यांच्या परसदारी गेलो. तिथे जे पाहिले आणि नंतर माहीतगारांना विचारून जे समजले ते आज लिहितो. परसबागा आता गावोगाव झाल्या आहेत. 'उमेद'च्या बचतगटांनी पोषण परसबागा केल्या, शाळांनी पोषण आहारासाठी केल्या, अंगणवाड्यांनी केल्या. बियाणे मिळाले, आराखडे मिळाले. पण मोकळ्या वाफ्यात मांजर येणार, हे कोणी कोणाला सांगितले नाही. आम्हीही नाही.

वाफा तयार, मांजर हजर

मांजर हे आपली विष्ठा उकरून झाकणारे जनावर आहे. त्याला लागते भुसभुशीत, कोरडी आणि उघडी जमीन. आता आपण काय करतो ते पाहा. गादीवाफा करतो, ढेकळे फोडतो, काडीकचरा वेचतो, कुजलेले शेणखत चाळून टाकतो, बी पेरून हाताने माती सारखी करतो. म्हणजे मांजरीसाठी पक्के शौचालयच बांधून देतो की! त्यात एकदा जागा ठरली म्हणजे ती वासावरून पुन्हा तिथेच येते. म्हणून तर तुम्ही म्हणता, रोज त्याच कोपऱ्यात.

मावशींना विचारले, "हा त्रास कधीपासून?"

"दिवाळीच्या पुढं."

"त्याआधी मांजरी नव्हत्या?"

"मांजरी व्हत्याच की. जलमापासून हायेत."

मग दिवाळीत बदलले काय? बोलता बोलता निघाले. शेजारी घरकुलाचे काम चालू होते आणि वाळूचा ढीग तीन महिने भिंतीला लागून पडलेला होता. दिवाळीच्या सुमारास गिलावा झाला, वाळू संपली, आणि आठ दिवसांत मांजरी मावशींच्या वाफ्यात उतरल्या. त्यांची जागा गेली, त्यांनी दुसरी शोधली. सगळा उपाय या गोष्टीत आहे. वाफा उकरता येणार नाही असा करायचा आणि तिला उकरायला दुसरी जागा द्यायची. यातले एकच केले तर मांजर तुमच्या वाफ्यातून उठून शेजारणीच्या वाफ्यात जाते आणि भांडण तेवढे वाढते.

झाकायचे कशाने?

आधी मनातली एक भीती काढून टाका. बाराही महिने राखण करावी लागत नाही. मेथी, पालक दाट उगवून जमीन झाकली गेली की मांजर आत शिरत नाही, तिला उकरायला मोकळी माती लागते. मेथीला पेरणीपासून पंधरा-वीस दिवस सांभाळावे लागते. कोथिंबीर उगवायलाच आठ-दहा दिवस घेते, तिला महिनाभर धरा. काढणी झाली की वाफा पुन्हा उघडा पडतो. तेव्हा एक तर लगेच पेरा, नाहीतर झाका.

आपल्या मराठवाड्यात झाकायला सर्वात स्वस्त वस्तू म्हणजे पऱ्हाट्या आणि तुराट्या. पेरणी झाल्यावर त्या वाफ्यावर आडव्या-उभ्या अशा मांडा की मध्ये चार बोटांपेक्षा मोकळी जागा राहणार नाही. मांजराला फिरून, वळून बसायला जागा लागते. ती मिळाली नाही की ते निघून जाते. रोपे मात्र फटीतून सरळ वर येतात. वीतभर झाली की काड्या अलगद काढून दुसऱ्या वाफ्यावर टाका. पऱ्हाट्या घेताना एक काळजी घ्या. न उमललेली, किडकी बोंडे लागलेली पऱ्हाटी घराजवळ आणू नका, त्यात गुलाबी बोंडअळी लपून राहते. मांजर घालवताना बोंडअळी पाळली, असे व्हायला नको. बोंडे झाडून जाळून टाका, किंवा सरळ तुराट्याच वापरा.

काही गावांत बोराटी आणि बाभळीचे फास टाकतात. मांजर येत नाही हे खरे, पण अनवाणी पोरे येतात. कुंपणाला काटे ठीक, वाफ्यात नको.

थोडा खर्च करायची तयारी असेल तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती एक इंची जाळी घ्या. वांगी, मिरची, टोमॅटो अशा लावणीच्या पिकात ती जमिनीवर सपाट अंथरा, रोपाच्या जागी कापून भोक पाडा, कडेला दगड ठेवा. मेथी-कोथिंबीर आपण मुळासकट उपटतो, तिथे सपाट जाळी अडचणीची. त्यासाठी बांबूच्या कामट्या कमानीसारख्या रोवून वरून शेडनेटचा तुकडा ताणून बांधा. तो ताणलेलाच हवा. ढिल्या नायलॉन जाळीत साप आणि पाखरे अडकून मरतात, मी स्वतः धामण सोडवली आहे.

वेलवर्गीय भाज्यांच्या आळ्यात रोपाभोवती फुटक्या कौलांचे तुकडे नाहीतर मूठभर आकाराचे दगड बसवा. ओलही टिकते. मात्र आच्छादन म्हणून लाकडाचा भुसा किंवा नारळाचा बारीक भुगा टाकत असाल तर थांबा. ते तर मांजरीला मातीपेक्षा जास्त आवडते. उसाचे लांब पाचट किंवा जाड काडीकचरा चालेल.

पाणी सकाळी देत असाल तर संध्याकाळी द्या. मांजरी रात्री आणि पहाटे येतात, ओली गार माती त्यांना आवडत नाही. पाणी वाढवायचे नाही, फक्त वेळ बदलायची. आपल्याकडे पाण्याची काय अवस्था असते ते मी सांगायला नको.

आणि हे सगळे करण्याआधी जुनी घाण काढा. खुरप्याने आजूबाजूच्या चार बोटे मातीसकट उचला आणि विहीर, बोअर, गोठा यांपासून लांब हातभर खोल खड्ड्यात पुरा. उकिरड्यात टाकू नका. काढताना हातात प्लास्टिकची पिशवी घाला, नंतर साबणाने हात धुवा, नखांतली माती काढा. खुरप्यावर उकळते पाणी ओता.

शेण चालते, मग हे का नाही?

हा प्रश्न मला एका शेतकऱ्याने अगदी गंभीरपणे विचारला होता. गाय-म्हैस चारा खाते आणि शेणखत आपण महिनोन्महिने कुजवून वापरतो (कच्चे शेण भाजीला घालणे तेही चुकीचेच, पण तो विषय वेगळा). मांजर उंदीर खाते, कच्चे मांस खाते. तिच्या पोटात जंत असतात, त्यांची अंडी मातीत पडतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या तोंडात जातात. याहून महत्त्वाचा आहे टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एकपेशीय परजीवी. तो 1908 साली उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिस इथे एका उंदरासारख्या प्राण्यात पहिल्यांदा सापडला. पण तो मांजराच्या विष्ठेतून पसरतो हे कळायला पुढे साठेक वर्षे लागली.

त्याचे चालते असे. मांजराने, बहुतेक वेळा कोवळ्या वयाच्या मांजराने, लागण झालेला उंदीर पहिल्यांदा खाल्ला की पुढे एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून या परजीवीच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अंडुकल्या लाखोंनी पडतात. नंतर सहसा पडत नाहीत. म्हणजे प्रत्येक मांजर नेहमीच रोग पसरवते असे नाही. पडल्या पडल्या त्या बाधक नसतात, त्याला एक ते पाच दिवस लागतात. हे लक्षात ठेवा : घाण रोजच्या रोज उचलली तर धोका पुष्कळ कमी होतो. पण तीच घाण ओलसर, सावलीच्या वाफ्यात मिसळली तर वर्षभरही जिवंत राहते. ब्लिचिंग पावडर किंवा फिनेलने ती मरत नाही, उष्णतेने मरते.

धडधाकट माणसाला लागण झाली तर बहुतेकदा कळतसुद्धा नाही. पण गरोदर बाईला याच काळात पहिल्यांदा लागण झाली तर ती पोटातल्या बाळापर्यंत जाऊ शकते. गर्भ पडणे, बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला इजा होणे असे प्रकार घडतात. सुरुवातीच्या महिन्यांत इजा मोठी होते, शेवटच्या महिन्यांत बाळापर्यंत लागण पोचण्याची शक्यता जास्त असते. मांजराच्या अंगावरून हात फिरवल्याने हे होत नाही. हाताला लागलेली माती, न धुतलेली कच्ची भाजी आणि अर्धे कच्चे मांस, हे त्याचे खरे रस्ते.

तेव्हा घरात दोन जिवाची बाई असेल तर वाफ्यातले काम दुसऱ्या कोणी करावे. करावेच लागले तर हातमोजे किंवा पिशवी घालावी. मेथी, पालक शिजवून खाल्ली की भीती नाही. काळजी कच्च्या खाण्याची : कोथिंबीर, कांद्याची पात, मुळा, गाजर, टोमॅटो. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवल्याने काम होत नाही. चोळून धुतले पाहिजे. नळाला धार नसेल तर घमेल्यात तीन वेळा पाणी बदलून धुवा आणि ते पाणी वाफ्यात न टाकता लिंबाच्या, सीताफळीच्या बुडाशी ओता. मावशींच्या लेकीला मी एवढेच म्हणालो, "ताई, घाबरू नका, पण पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांच्या कानावर घाला. त्यांना वाटले तर रक्त तपासतील."

त्या पुडीचे काय?

पुडी मी मागून घेतली. मावशींनी दिली, पण आधी विचारले, "मग आमी करावं काय?" प्रश्न रास्त होता.

बंधूंनो, परसबागेत विष ठेवणारा माणूस मांजरासाठी ठेवतो, पण ते खाते कोण हे त्याच्या हातात नसते. कोंबडी खाते, शेजाऱ्याचे कुत्रे खाते, रांगते पोर तोंडात घालते. काही जण फोरेटचे दाणे वापरतात असे कानावर येते. त्या फोरेटवर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. घरात जुनी पिशवी पडली असेल तर ती बाळगणेसुद्धा धोक्याचे. प्राण्याला विष घालणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहेच. शिवाय 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली दुसऱ्याचे जनावर मारणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या आज्या सांगायच्या, मांजर मारली तर सोन्याची मांजर करून काशीला दान द्यावी लागते. सोन्याचा आजचा भाव पाहता कायद्यापेक्षा हाच धाक मोठा वाटावा!

थट्टा बाजूला ठेवू. मांजर गेली की घरात उंदीर वाढतात. मका, बाजरी, हरभरा घरात भरून ठेवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. घुशी-उंदरांसाठी शेतात विषारी आमिष वापरलेच तर ते बिळात टाका आणि मेलेले उंदीर वेचून पुरा, नाहीतर ते खाऊन मांजर मरते.

पोत्यात घालून पलीकडच्या गावच्या शिवेवर सोडून येणे हाही एक उपाय चालतो. मांजर कधी परत येते, कधी येत नाही. पण पलीकडच्या गावचे पोते आपल्याकडे येते, हे नक्की.

मांजरीला तिची जागा द्या

परसाच्या कोपऱ्यात, वाफ्यापासून आणि पाण्यापासून लांब, थोडी आडोशाची जागा निवडा. अडीच हात लांब-रुंद, वीतभर खोल खड्डा करून त्यात बारीक वाळू किंवा चाळलेली कोरडी माती भरा. वर पत्र्याचा तुकडा तिरका टाका, म्हणजे पावसात चिखल होणार नाही. वाफ्यातून काढलेली थोडी जुनी घाण पहिले दोन-चार दिवस याच वाळूत पुरून ठेवा. वासाने मांजरीला जागा कळते. ज्या दिवशी हा खड्डा कराल त्याच दिवशी वाफे झाका. दोन्ही कामे बरोबर झाली पाहिजेत. नंतर घाण रोज खुरप्याने उचलून पुरायची आणि महिन्या-दीड महिन्याने वाळू बदलायची. हे काम गरोदर बाईने किंवा लहान मुलांनी करू नये. मुले त्या वाळूत खेळणार नाहीत एवढे पाहा.

हे काम कोणी करायचे यावरून भांडणे होतात. मांजर कोणाची? जो दूध घालतो त्याची, असे मी म्हणतो. पण मांजरीला सातबारा नसतो आणि ती बांध मानत नाही. चार घरे मिळून एक जागा केली तर उत्तम.

बाकी जे उपाय लोक करतात त्यात वेळ घालवू नका. दाराशी लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या टांगण्याची पद्धत शहरात आणि खेड्यात सारखीच आहे. कुत्रे त्याला भीत नाही, मांजर त्याच्या शेजारी बसून अंग चाटते. मिरचीपूड वाऱ्याने आपल्याच डोळ्यांत जाते आणि एका पाण्यात वाहून जाते. मोसंबी-लिंबाच्या सालींचा वास मांजरीला आवडत नाही हे खरे. मोसंबी आपल्याकडे मुबलक, टाकून पाहायला हरकत नाही, पण साली वाळल्या की वास गेला. डांबरगोळ्या मात्र अजिबात नकोत. त्या विषारी असतात, लहान मुले पेपरमिंट समजून तोंडात घालतात.

ग्रामपंचायतीने एवढे करावे

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (आपण त्यांना अजून भाऊसाहेबच म्हणतो) यांना एक विनंती. घरकुलांची कामे चालू आहेत तिथे वाळूचे ढीग रात्री ताडपत्रीने झाकायला सांगा. दिवसा त्याच ढिगावर पोरे घरे बांधून खेळतात. शाळेच्या आणि अंगणवाडीच्या परसबागेला गुरांसाठी कुंपण असते, पण मांजर त्यावरून सहज जाते. तिथे वाफ्यावर जाळी हवी. एक मांजरी वर्षाला दोन-तीन वेळा विते, दर वेळी तीन-चार पिल्ले, आणि ती पिल्ले पाच-सहा महिन्यांत स्वतः वयात येतात. हिशेब तुम्हीच करा. मांजरांची नसबंदीची शस्त्रक्रिया होते. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करून गावातल्या पाच-सात मांजरींची एकदम सोय होईल का ते पाहा. लोक एकेकटे जात नाहीत, लाजतात.

मार्चमध्ये पुन्हा त्या गावी गेलो. मावशींच्या वाफ्यांवर तुराट्या नीट मांडलेल्या होत्या, कोपऱ्यात पत्र्याखाली वाळू होती, तीत उकरल्याच्या खुणा होत्या. लेक बाळंत झाली होती, मुलगी झाली, दोघी बऱ्या होत्या. म्हटले, चला, काम झाले. तर मावशी म्हणाल्या, "साहेब, वाफा मोकळा झाला, पण मांजरीनं कडब्यात पिल्लं घातली. चार."

कडबा गोठ्यात, आणि गोठ्यात गाभण शेळी. शेळ्या-मेंढ्यांनाही हाच टॉक्सोप्लाझ्मा होतो. मांजराची विष्ठा लागलेला चारा, भुसा, पेंड खाण्यात आली तर गाभण शेळी गाभडते किंवा मेलेले, अशक्त करडू देते. आणि कोवळ्या मांजरांकडूनच धोका जास्त. आम्ही पिल्ले खोक्यात घालून पलीकडच्या खोलीत ठेवली, आई मागोमाग आली. घाण लागलेला कडबा काढून टाकला, उरलेल्यावर ताडपत्री बांधली आणि शेळीला दुसऱ्या गंजीतला चारा सुरू केला. तुमच्याकडे गाभण शेळ्या असतील तर आजच माळ्यावर आणि पेंडीच्या पोत्यांमागे पाहून घ्या. एखादी शेळी गाभडली तर वार आणि मेलेले करडू उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्या-मांजरांना खाऊ देऊ नका. गाभडण्याची कारणे दुसरीही असतात, तेव्हा पुरण्याआधी पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलावून दाखवा.